गणित बरोबर होतं, तरीही अन्याय झाला

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना काही सुटलं असेल तर इथे वाचा. बोलण्यातली पुनरावृत्ती तेवढी कमी केली आहे.)

आजचा विषय एआय. पण एआय आपल्या नोकऱ्या खाणार का, रोबो जगावर राज्य करणार का, यातलं आज काहीच नाही. आज एकच प्रश्न घेऊन बसूया. एआयमुळे एखाद्या माणसाचं नुकसान झालं, तर जाब कुणाला विचारायचा?

हा प्रश्न काढला की तीन उत्तरं हमखास कानावर येतात. पहिलं : "आम्ही त्यात जात, धर्म, वंश असलं काही घातलंच नव्हतं, मग भेदभाव कसा होईल?" दुसरं : "आमच्या मॉडेलची अचूकता चांगली आहे, टेस्ट करून बघा." आणि तिसरं : "मशीन फक्त सुचवतं हो, शेवटचा निर्णय माणूसच घेतो."

तिन्ही उत्तरं ऐकायला ठीक वाटतात. तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला आहेत, त्यांनी प्रोजेक्टच्या व्हायव्हात यातलं एखादं दिलंही असेल. म्हणून आज दोन खऱ्या घटना सांगते, एक अमेरिकेतली आणि एक नेदरलँड्समधली. त्या ऐकल्यावर ही तीन उत्तरं कितपत टिकतात, ते तुम्हीच ठरवा.

दुखणं अंगावर काढणारी माणसं

आधी अमेरिका. तिथली मोठी हॉस्पिटलं काही रुग्णांसाठी खास कार्यक्रम चालवतात. ज्याला मधुमेह आहे, त्यात बीपी, त्यात मूत्रपिंडाचा त्रास, अशा गुंतागुंतीच्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायचं. त्याच्यासाठी वेगळी नर्स, लवकर अपॉइंटमेंट, गोळ्या वेळेवर घेतो की नाही याची चौकशी. उद्देश चांगला आहे. पण जागा मोजक्या आणि रुग्ण हजारो. मग निवडायचं कुणाला?

हे काम एका अल्गोरिदमकडे दिलं होतं. तो प्रत्येक रुग्णाला एक स्कोअर द्यायचा. शंभरातल्या वरच्या तिघांत नंबर लागला, की तुमचं नाव थेट कार्यक्रमासाठी पुढे जायचं. त्याच्या खालचे बरेच जण डॉक्टरांच्या विचारासाठी पाठवले जायचे. अशा प्रकारची साधनं अमेरिकेत दरवर्षी सुमारे २० कोटी लोकांना लावली जातात, असा त्या उद्योगाचाच अंदाज होता. म्हणजे हा काही कोपऱ्यातला प्रयोग नव्हता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचे रेकॉर्ड घेतले आणि साधी गोष्ट तपासली. ज्यांचा स्कोअर सारखा आहे, ते खरंच सारखे आजारी आहेत का?

नव्हते. थेट प्रवेशाच्या त्या रेषेवर कृष्णवर्णीय रुग्णांना गोऱ्या रुग्णांपेक्षा २६.३ टक्के जास्त जुनाट आजार होते. म्हणजे कार्यक्रमात नंबर लागायचा, तर कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या माणसापेक्षा जास्त आजारी असावं लागत होतं.

आणि आता खरी मेख ऐका. या अल्गोरिदमला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. तो रकानाच वगळला होता. मग हे झालं कसं?

अल्गोरिदमला काम काय दिलं होतं, ते बघा. "कोण जास्त आजारी आहे ते सांग" असं त्याला विचारलेलं नव्हतं. विचारलं होतं, "पुढच्या वर्षी कुणावर जास्त खर्च होईल?" कारण आजारपण मोजणं अवघड आहे आणि खर्च मोजणं सोपं. विम्याच्या नोंदींत पैशांचा आकडा नीट लिहिलेला असतो. शिवाय जो जास्त आजारी त्याच्यावर जास्त खर्च, हे वरवर पटतंही.

पण आपल्या मराठीत एक शब्दप्रयोग आहे : दुखणं अंगावर काढणं. तुमच्याही घरात, गल्लीत अशी कुणी मावशी असेल. गुडघे सुजलेत, दम लागतो, पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो. मग मेडिकलमधून एक गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. आता त्या मावशीच्या हॉस्पिटलच्या बिलांवरून तिची तब्येत ठरवली तर काय उत्तर येईल? "ठणठणीत!" कारण बिलंच नाहीत. शेजारच्या बंगल्यातले काका सर्दी झाली तरी चार टेस्ट करून येतात. बिलांच्या हिशोबात आजारी ते ठरणार.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. सारखेच आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर वर्षाला सरासरी सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. उपचारांपर्यंत पोचण्यातल्या अडचणी, गरिबी, कामावरून सुट्टी न मिळणं, आणि जुन्या वाईट अनुभवांमुळे आरोग्य व्यवस्थेवर नसलेला विश्वास अशी त्यामागची कारणं. मशीननं तो कमी खर्च पाहिला आणि आपलं गणित केलं : यांना कमी मदत लागते.

अचूक म्हणजे न्याय्य नव्हे

इथे पहिली दोन उत्तरं आठवा.

"वंश घातलाच नव्हता." बरोबर, नव्हता. पण खर्चाच्या मागच्या दारानं तो आत आलाच. आपल्याकडे विचार करा. फॉर्मवर जात विचारली नाही, पण आडनाव आहे, पिनकोड आहे, कुठल्या माध्यमातून शिकलात ते आहे. एक रकाना पुसला म्हणून माहिती पुसली जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते फारशी कुणी बोलत नाही. संशोधकांना हा घोळ सापडला, कारण हॉस्पिटलच्या वेगळ्या नोंदींत रुग्णांचा वंश लिहिलेला होता. तो कुठेच नसता, तर अन्याय तसाच झाला असता, फक्त तो दिसला नसता. म्हणजे निर्णय घेताना जी माहिती वापरायची नाही, तीच तपासणी करताना हाताशी असावी लागते. रकाना सगळीकडून काढून टाकून "आम्ही निष्पक्ष" म्हणणं म्हणजे आपणच डोळ्यांवर पट्टी बांधून घेणं.

दुसरं उत्तर, "अचूकता चांगली आहे." हो, चांगलीच होती! या अल्गोरिदमनं खर्चाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर केला होता, आणि तोही दोन्ही गटांसाठी. गणितात चूक नव्हती. त्याला प्रश्नच चुकीचा दिला होता. आणि तो प्रश्न मशीननं निवडला नव्हता. मीटिंगमध्ये बसून माणसांनी निवडला होता.

हे मला महत्त्वाचं का वाटतं? कारण आपण एआयची नैतिकता म्हटलं की काहीतरी मोठं, तात्त्विक समजतो. प्रत्यक्षात ती अशा एका साध्या ओळीत असते : आपण नक्की काय मोजणार आहोत? एक्सेल शीटमधला कुठला कॉलम 'उत्तर' म्हणून धरायचा? ही ओळ लिहिणारा माणूस त्या दिवशी टेक्निकल काम करतोय असं सगळ्यांना वाटत असतं. पण कुणाला नर्स मिळणार आणि कुणाला नाही, हे तो ठरवत असतो.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र आशेचा आहे. संशोधकांनी हिशोब केला, की अन्याय दूर केला तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. मग त्यांनी बनवणाऱ्या कंपनीशी संपर्क साधला. कंपनीनं आपल्याकडच्या देशभरातल्या डेटावर ते पुन्हा तपासून पाहिलं, तर तोच दोष सापडला. दोघांनी मिळून प्रश्न बदलून बघितला : फक्त खर्च न धरता खर्च आणि तब्येत दोन्ही एकत्र. या प्रयोगात तो पक्षपात ८४ टक्क्यांनी कमी झाला. त्यासाठी नवं मशीन शोधावं लागलं नाही, विचारायचा प्रश्न बदलला. म्हणजे आधीही ते शक्य होतं. कुणीतरी बघायला हवं होतं, एवढंच.

"शेवटी निर्णय माणूसच घेतो"

आता तिसरं उत्तर. हे सगळ्यात चलाख आहे, आणि सगळ्यात जास्त वापरलं जातं. त्यासाठी नेदरलँड्सला जाऊया.

तिथे नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलं पाळणाघरात ठेवण्यासाठी सरकारकडून भत्ता मिळतो. तो देण्याचं काम त्या काळात करखात्याकडे होतं. भत्त्यात फसवणूक होते अशी ओरड झाली आणि खात्यानं कंबर कसली. २०१३ पासून तिथे जोखीम ठरवणारं एक मॉडेल वापरात आलं. जुन्या अर्जांवरून शिकायचं आणि नव्या अर्जाला स्कोअर द्यायचा. हा अर्ज सरळ दिसतो, हा संशयास्पद दिसतो.

मॉडेल ज्या गोष्टी बघायचं, त्यांत एक होती राष्ट्रीयत्व : अर्जदार डच नागरिक आहे की नाही. इथे तर मागचं दारसुद्धा लागलं नाही, पुढच्याच दारानं भेदभाव आत आला.

स्कोअर जास्त आला की अर्ज एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर जायचा. म्हणजे नियमाप्रमाणे 'माणूस' होता. पण त्या माणसाला हा अर्ज संशयास्पद का ठरला, हे सांगितलेलं नसायचं. फक्त एवढंच कळायचं, की मशीन म्हणतंय गडबड आहे. आता तुम्ही त्या खुर्चीत आहात अशी कल्पना करा. समोर फाइल, वर 'धोका' असा शिक्का, कारण माहीत नाही आणि वरून फसवणूक पकडायचा दबाव. तुम्ही शोधणार काय? गडबडच शोधणार. आणि शोधायला बसलं की कुठेतरी एक सही राहिलेली, कुठेतरी आकड्यात थोडा फरक सापडतोच.

त्यात कायदा असा कडक राबवला गेला, की छोटी त्रुटी निघाली तरी पूर्ण वर्षाचा भत्ता परत मागायचा. कुटुंबांना हजारो, कधी लाखाच्या घरातल्या युरोंच्या वसुलीच्या नोटिसा आल्या. हप्त्यानं फेडू म्हणणाऱ्यांनाही अनेकदा नकार मिळाला. माणसं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले. या प्रकरणातल्या कुटुंबांची हजाराहून अधिक मुलं त्या काळात घरापासून दूर, सरकारी देखरेखीत ठेवली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. आणि इथे संन्याशी एक-दोन नव्हते, हजारोंच्या संख्येनं होते.

लोकांनी विचारलं, "आमचं चुकलं काय?" उत्तर मिळायचं नाही. काही कुटुंबांना त्यांची फाइल मिळाली, तर त्यातली पानंच्या पानं काळी केलेली होती.

डिसेंबर २०२० मध्ये संसदीय चौकशीचा अहवाल आला. त्याचं नाव होतं 'अभूतपूर्व अन्याय'. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुत्ते यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं करखात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड केला. राष्ट्रीयत्वाची माहिती बेकायदा आणि भेदभाव करणाऱ्या पद्धतीनं वापरली, हे त्याचं कारण.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा सगळा अनर्थ एकट्या अल्गोरिदमनं केला नाही. कडक कायदा, संशयानं बघणारं खातं, दाद न देणारी यंत्रणा, सगळे त्यात होते. पण मुद्दा तोच आहे. मशीननं फक्त बोट दाखवलं. ते बोट बरोबर आहे का, हे विचारण्याची सोय कुणालाच नव्हती. कर्मचाऱ्याला नव्हती, आईबापांना तर नव्हतीच. अशा वेळी "निर्णय माणसानं घेतला" या वाक्याला काय अर्थ उरतो? ज्याला कारण माहीत नाही आणि ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही, तो माणूस शिक्क्यासारखाच वापरला जातो.

युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलं. कर्जाची पात्रता, नोकरभरती, शिक्षणातली निवड, सरकारी मदत अशा कामांसाठीचं एआय त्यात जास्त जोखमीचं मानलं आहे. आणि देखरेख करणाऱ्या माणसाला मशीनचं उत्तर समजलं पाहिजे, ते बाजूला ठेवायचा अधिकार पाहिजे, अशी त्यात अट आहे. नुसती खुर्चीत बसलेली व्यक्ती पुरेशी नाही, हा धडा कायद्यात उतरलाय.

मग जबाबदार कोण?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊया. मला वाटतं, "एआयची चूक" हा शब्दप्रयोगच आपण टाळावा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं ते होतं. मशीनला पश्चात्ताप होत नाही, त्याला दंड भरता येत नाही, ते माफी मागू शकत नाही. जबाबदारी घेऊ शकतो तो फक्त माणूस, नाहीतर माणसांनी चालवलेली संस्था. आणि ती जबाबदारी चूक झाल्यावर वाटायची नसते. मशीन सुरू करण्याआधीच कुणाचा वाटा कुठला, हे लिहून ठेवायचं असतं.

काय मोजायचं हे ज्यानं ठरवलं, त्याला विचारा : हा आकडा खरंच त्या गोष्टीचा आहे, की फक्त सहज मिळतो म्हणून घेतलाय? ज्यानं टेस्ट केली, त्याला विचारा : सगळ्यांची मिळून सरासरी काढलीत, की बायका, पुरुष, शहर, गाव, गरीब, श्रीमंत असं वेगवेगळं बघितलंत? ज्या संस्थेनं ते विकत घेतलं, तिला विचारा : तुमच्या लोकांवर ते कसं चालतं हे स्वतः तपासलंत का? आणि जो रोज वापरतो, त्याच्या वरिष्ठांना विचारा : तुमच्या माणसाला 'मशीनचं मला पटत नाही' म्हणायची मुभा आहे का? तसं म्हटलं तर त्याची नोकरी राहील का?

तुमच्यातले काही जण लवकरच अशा टीममध्ये बसाल. पुण्यात असाल, बंगळुरूला असाल, घरून काम करत असाल. तुम्ही नवीन, वयानं लहान, आणि समोर अनुभवी मंडळी. अशा वेळी मोठं भाषण द्यायची गरज नाही. "सर, हे लेबल नक्की काय मोजतंय?" एवढं विचारा. आणि विचारलेलं, मिळालेलं उत्तर मेलवर लिहून ठेवा. तोंडी शंका हवेत विरते, लिहिलेली शंका कुणालातरी उत्तर द्यायला लावते.

आणि जे कोड लिहीत नाहीत, त्यांनी? ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून तुमचं विचारणं तर जास्त मोलाचं. समजा, एखाद्या अ‍ॅपनं तुमचा कर्जाचा अर्ज दोन मिनिटांत नाकारला. "सिस्टिमनं रिजेक्ट केलं" हे उत्तर मुकाट्यानं घेऊ नका. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्यांनुसार कर्ज देणाऱ्या संस्थेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा संपर्क अ‍ॅपवर, वेबसाइटवर दाखवावा लागतो. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार लेखी करा, आणि त्यात तीन गोष्टी मागा. माझी कुठली माहिती वापरली? त्यात चूक असेल तर ती दुरुस्त कशी करायची? आणि माझा अर्ज पुन्हा कुणी माणूस बघेल का?

उत्तर लगेच मिळेलच असं नाही. पण विचारलंच नाही तर काय होतं, ते नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथे आईबाप, वकील, पत्रकार आणि दोन-चार खासदार वर्षानुवर्षं तेच विचारत राहिले, म्हणून ते प्रकरण बाहेर आलं. अमेरिकेतही कुणीतरी "हे सारखे आजारी आहेत का?" असं विचारलं, म्हणूनच दोष सापडला. दोन्हीकडे सुरुवात एका साध्या प्रश्नानं झाली, आणि असा प्रश्न विचारायला कुठल्या पदवीची अट नाही.

तर आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या कॉलेजात, ऑफिसात किंवा मोबाइलवर मशीननं तुमच्याबद्दल काही ठरवलं असेल आणि कारण सांगितलं नसेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात त्यातल्या काही गोष्टी घेऊन बोलूया. आणि हा भाग तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपवर टाका, म्हणजे व्हायव्हाच्या आधी कुणीतरी ऐकेल. भेटूया!